उसनी चाल

मराठी भाषेत 'चाल' हा शब्द मोठा अर्थगर्भ आहे. गाण्याला चाल असते, माणसाच्या पावलांना चाल असते, आणि सैन्य शत्रूवर जाते तेव्हा ते 'चाल करून' जाते. हे तिन्ही अर्थ एकत्र नांदताना पाहावयाचे असतील तर अमेरिकेतील बँडचे मार्च ऐकावेत. तेथे सूर पावलांना चालवितो आणि पावले संचलनाच्या मैदानाकडे, कधी रणांगणाकडे वळतात. मात्र ह्या मार्चांचा इतिहास थोडा चाळला म्हणजे आणखी एक गोष्ट ध्यानी येते. त्यांतील पुष्कळ चाली उसन्या आहेत. कोणी लोकांच्या तोंडी असलेले गाणे घेतले, कोणी बालगीत घेतले, कोणी ऑपेरेटा नावाच्या हलक्याफुलक्या संगीत नाटकातील पद उचलले, आणि ते पितळी वाद्यांच्या ठेक्यात बसवून रस्त्यावर आणले.

उसनवारीचे नाव निघाले की नीतिशास्त्र कान टवकारते. शेजारणीकडून आणलेली वाटीभर साखर वाटीने परत करता येते. सूर कसा परत करावयाचा? मुळात तो कोणाचा? आणि रंगमंचावर थट्टेसाठी जन्मलेला सूर सैनिकाच्या वा भक्ताच्या ओठी येतो तेव्हा तो आपला पूर्वीचा संसार मागे टाकून येतो, की गाठोडे बांधून बरोबर आणतो? प्रश्न परदेशातील बँडचा दिसला तरी तो आमच्या धर्मग्रामांतील गायकवृंदाच्या वहीपर्यंत येऊन पोहोचतो. म्हणून त्याचा जरा निवांतपणे विचार करावा असे आम्ही योजिले आहे.

अमेरिकेच्या मरीन दलाचे गीत घ्या. ते वाजू लागले की त्या दलाचा सैनिक ताठ उभा राहतो. मेक्सिकोपासून त्रिपोलीच्या किनाऱ्यापर्यंतच्या लढायांचे स्मरण त्याच्या शब्दांत आहे. आणि चाल? ती पॅरिसच्या रंगभूमीवरची. जाक ऑफेनबाख ह्या संगीतकाराचा 'जनव्हिएव्ह द ब्राबाँ' हा ऑपेरेटा १८५९ साली प्रथम रंगभूमीवर आला. १८६७ साली त्याला नवे रूप देण्यात आले, तेव्हा त्यात दोन पोलीस शिपायांचे एक द्वंद्वगीत घालण्यात आले. हे शिपाई म्हणजे आपल्याकडील नाटकांतल्या फुशारक्या मारणाऱ्या हवालदारांचे सख्खे भाऊ. प्रेक्षकांनी पोट धरून हसावे ह्यासाठी रचलेली ही चाल अटलांटिक ओलांडून गेली आणि शूरांचे गीत झाली. १९१९ साली त्या गीताचे हक्क मरीन दलाच्या नावे नोंदले गेले. ऑफेनबाखला जाऊन तेव्हा ३९ वर्षे झाली होती. जाता जाता सांगावयाचे म्हणजे, हा ऑफेनबाख कोलोनच्या यहुदी सभास्थानातील गायकाचा मुलगा. १८४४ साली विवाहाच्या वेळी त्याने कॅथलिक धर्म स्वीकारला होता. त्याच्या हसऱ्या चालीवर एक दिवस सैनिक छाती पुढे काढून उभे राहतील हे त्याच्या स्वप्नातही आले नसेल.

बँडमास्तरांना अशा उसनवारीची गरज का पडावी? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अमेरिकेचे चित्र डोळ्यांपुढे आणल्याखेरीज हे कळणार नाही. यादवी युद्ध संपलेले, गावोगावी बँडपथके उभी राहिलेली, चौकात बँडसाठी बांधलेली छत्री, रविवारी तिच्याभोवती जमलेली कुटुंबे. रेडिओ नाही, ध्वनिमुद्रिका शतकाच्या अगदी अखेरीस आल्या. ऑपेरागृहे दूरच्या शहरांत. खेड्यातील शेतकऱ्याने व्हेर्दीची चाल ऐकली असेल तर ती बहुधा कॉर्नेटवर. बँड हेच त्याचे नाट्यगृह होते. आणि श्रोता हा प्राणी असा की नवे ऐकावयाला येतो, पण ओळखीचे कानी पडले म्हणजे खुलतो. मार्चची रचनाही ह्या स्वभावाला अनुकूल. आरंभीचा झपाटा ओसरला की सूर बदलून 'ट्रिओ' नावाचा गाता, संथ भाग येतो. उसनी चाल पुष्कळदा येथे आणून बसविली जाते. गडगडाट थांबून एकाएकी आईने म्हटलेले गाणे कानी यावे, तसा परिणाम होतो. हे कसब आहे, फसवणूक नव्हे, एवढे आधीच मान्य केले पाहिजे.

ह्या कलेचा राजा जॉन फिलिप सूझा. जन्म १८५४ साली वॉशिंग्टनचा, वडील पोर्तुगीज वंशाचे व मरीन बँडमध्येच वाजविणारे. १८८० ते १८९२ अशी बारा वर्षे तो त्या बँडचा प्रमुख होता, पुढे त्याने स्वतःचा बँड काढून जग पालथे घातले. त्याच्या उसन्या चालींची यादी लांबलचक आहे. १८७६ च्या 'रिव्हायव्हल मार्च'मध्ये भक्तिगीताची चाल आहे, १८८३ च्या 'मदर गूज'मध्ये बालगीते आहेत, त्याच वर्षीच्या 'बॉनी अॅनी लॉरी'मध्ये स्कॉटलंडचे प्रेमगीत आहे, आणि १८८५ चा 'मिकाडो मार्च' हा गिल्बर्ट व सलिव्हन ह्यांच्या त्याच वर्षी लंडनमध्ये रंगभूमीवर आलेल्या ऑपेरेटावरून घेतलेला आहे. कधी तो स्वतःचाच सावकार होई. 'एल कॅपिटन' हा त्याचा १८९६ चा ऑपेरेटा. त्यातील चाली घेऊन त्याने त्याच नावाचा मार्च केला. नाटकाचा नायक एक भित्रा राज्यपाल, जो दरोडेखोराचा वेष घेऊन मिरवतो. १८९८ साली ड्यूई ह्या नौसेनानीचे जहाज मनिलाकडे लढाईस निघाले तेव्हा त्यावरील बँडने हाच मार्च वाजविला. पुन्हा रंगमंचावरचा भेकड, आणि पुन्हा खरी तोफ! पण येथे घेणारा व देणारा एकच असल्याने कोणाची तक्रार असण्याचे कारण नव्हते.

तक्रारीचे कारण इतरत्र होते. १८९१ पर्यंत अमेरिकेच्या कायद्याला परदेशी लेखकाचा वा संगीतकाराचा हक्क ठाऊकच नव्हता. मे १८७८ मध्ये लंडनला 'एच. एम. एस. पिनाफोर' सुरू झाला. नोव्हेंबरात तो बॉस्टनला विनापरवाना उभा राहिला. पाहता पाहता अमेरिकाभर नाटकमंडळ्यांचे पीक आले. गिल्बर्ट व सलिव्हन ह्यांना त्यातून छदामही मिळाला नाही. वाद्यवृंदाची स्वरलिपी छापलेली नसल्याने जो तो आपल्या मतीप्रमाणे वाद्यरचना करून घेई. फिलाडेल्फियातील अशा एका मंडळीसाठी ती करून देणारा व बँडमास्तराची काठी धरणारा पंचविशीतला तरुण म्हणजे आमचा सूझाच. आणि त्या मंडळीचे नाव काय होते? फिलाडेल्फिया चर्च क्वायर कंपनी! चर्चच्या गायकवृंदांतील मंडळी 'चोरी करू नको' ही आज्ञा पाठ म्हणून झाल्यावर संध्याकाळी न विचारता आणलेले नाटक गात होती. त्यांना दोष द्यावयास आम्ही धजत नाही. कायदा त्यांच्या बाजूने होता आणि विवेकाला पुष्कळदा कायद्याच्या उशीवर छान झोप लागते. शेवटी मूळ रचनाकारच बोटीने अमेरिकेस आले, आणि पुढील ऑपेरेटा 'द पायरेट्स ऑफ पेन्झन्स' त्यांनी ३१ डिसेंबर १८७९ रोजी न्यूयॉर्कमध्येच प्रथम रंगभूमीवर आणला. चाच्यांपासून बचावासाठी चाच्यांचे नाटक!

नियतीने सूझाला दुसऱ्या बाजूचा अनुभवही पुरेपूर दिला. १८८९ चा 'वॉशिंग्टन पोस्ट' हा मार्च त्याने प्रकाशकाला ३५ डॉलरला विकला. त्या मार्चवर सारे जग नाचले, आणि पैसा प्रकाशकाकडे गेला. पुढे तो शहाणा झाला. रचनाकाराच्या हक्कांसाठी १९०६ साली त्याने अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली, ध्वनिमुद्रिकांवर हल्ला चढविणारा लेख लिहिला. १९०९ च्या कायद्याने प्रत्येक मुद्रिकेमागे दोन सेंट रचनाकाराला देणे बंधनकारक झाले. १९१४ साली व्हिक्टर हर्बर्ट आदींबरोबर तो संगीतकारांच्या संघटनेच्या स्थापनेत होता. हॉटेलात जेवणाऱ्यांसाठी वाजविलेल्या संगीताचे पैसे द्यावेत की नाहीत, हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. त्यात हर्बर्टचे ऑपेरेटागीत होते, आणि जोडीला एका हॉटेलात वाजलेला सूझाचा एक मार्चही. जानेवारी १९१७ मध्ये न्यायमूर्ती होम्स ह्यांनी रचनाकारांच्या बाजूने निकाल दिला. त्यांचा युक्तिवाद सरळ होता: संगीताने धंद्याला काहीच लाभ होत नसता, तर हॉटेलवाल्याने ते केव्हाच बंद केले असते.

आता ह्याच १९१७ सालाची दुसरी गोष्ट ऐका. अमेरिका महायुद्धात उतरली होती. तोफखान्याच्या एका अधिकाऱ्याने सूझाला विनंती केली की, आमचे सैनिक गातात त्या 'कॅसन साँग'वर आम्हांला एक मार्च करून द्यावा. गाणे यादवी युद्धाच्या काळचे, कोणाचे ते ठाऊक नाही, असा दोघांचाही समज. सूझाने 'यू. एस. फील्ड आर्टिलरी' हा मार्च केला आणि तो तुफान गाजला. मग उलगडा झाला. गाणे यादवी युद्धाचे नव्हते, अवघ्या नऊ वर्षांचे होते. १९०८ साली फिलिपाईन्समध्ये एडमंड ग्रुबर नावाच्या तरुण लेफ्टनंटाने सोबत्यांच्या मदतीने ते रचले होते, आणि हा ग्रुबर जिवंत होता, त्याच सैन्यात चाकरी करीत होता. चालीच्या हक्कांचा वाद पुढे न्यायालयापर्यंत गेला.

आमच्या मते साऱ्या प्रश्नाचा गाभा येथे आहे. रचनाकाराच्या हक्कांसाठी आयुष्यभर झगडलेला प्रामाणिक मनुष्य, आणि न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला त्याच वर्षी त्याच्या हातून एका जिवंत रचनाकाराचे नाव पुसले जाते. त्यात लोभ नाही, कपट नाही. आहे तो एक समज: 'जुने दिसते, तेव्हा कोणाचेच नसावे.' आमचे नीतिशास्त्र अज्ञानाचे दोन प्रकार मानते. एकातून मनुष्याला वाजवी प्रयत्नाने बाहेर पडता येते, दुसऱ्यातून येत नाही. दुसऱ्याचा दोष लागत नाही, पहिल्याचा लागतो. सूझाचे अज्ञान कोणते? युद्धाची घाई होती, विनंती खुद्द तोफखान्याची होती, गाणे हजारो तोंडी होते. आम्ही त्याला दोषी ठरविणार नाही. पण 'हे लोकगीत आहे' असे म्हणताना आपण पुष्कळदा शोधाचा शेवट सांगत नसतो, शोध न केल्याची सबब सांगत असतो. दुसऱ्याची वस्तू सद्भावनेने बाळगणारा मनुष्य चोर नव्हे. मात्र धनी कोण हे कळले त्या क्षणापासून त्याचे देणे सुरू होते, आणि त्या वस्तूमुळे तो जेवढा श्रीमंत झाला तेवढ्यापुरते ते देणे राहते, हे जुन्या धर्मपंडितांचे मत आम्हांस आजही खणखणीत वाटते.

येथे कोणी चतुर वाचक आक्षेप घेईल. तो म्हणेल, फादर, माझी गाय कोणी नेली तर माझा गोठा रिकामा होतो. माझी चाल कोणी नेली तर ती माझ्याकडे राहतेच, मग चोरी कसली? आक्षेप हलका नाही. संत थॉमस अक्वायनस ह्यांनी मालमत्तेविषयी लिहिताना सांभाळ व उपभोग असा भेद केला आहे: वस्तू मिळविण्याचा व सांभाळण्याचा अधिकार एकट्याचा असू शकतो, पण तिच्या उपभोगाकडे सर्वांसाठी म्हणून पाहावे, गरजवंताला ती सहज द्यावी. मग सूर तर सर्वांत आधी सर्वांचा ठरावा. आम्हांस हे मान्य आहे. चाल गाण्यावर पहारा बसवावा असे आम्ही म्हणत नाही; तशाने संगीतच मरेल. अमेरिकेच्या राष्ट्रगीताचीच चाल लंडनच्या एका हौशी मंडळाच्या मद्यपानगीताची आहे, आणि बॅग्ली ह्याने 'नॅशनल एम्ब्लेम' ह्या आपल्या मार्चमध्ये तीच पुन्हा उसनी घेतली. उसन्यावर उसने! पण गाय आणि चाल ह्यांत फरक आहे म्हणून रचनाकाराचे काहीच जात नाही असे मात्र नव्हे. त्याची भाकर जाते, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याचे नाव जाते.

सुराला मूळचा डाग लागून राहतो का, ह्या प्रश्नाशी ख्रिस्तसभा पुष्कळ झगडली आहे. पंधराव्या शतकात 'शस्त्रधारी मनुष्य' अशा आशयाचे एक फ्रेंच गाणे लोकप्रिय होते. द्यूफाई, जोस्कँ आणि पुढे पालेस्ट्रिना ह्यांनी त्या चालीवर मिस्सासंगीत रचले. ऑफेनबाखची चाल थट्टेकडून युद्धाकडे गेली, ही युद्धाकडून वेदीकडे आली. हास्लर ह्याने १६०१ साली छापलेल्या एका प्रेमगीताची चाल पुढे प्रभूच्या काटेरी मुकुटाच्या स्तोत्राला मिळाली, आणि आज ती ऐकताना कोणाला त्या रुसलेल्या प्रेयसीची आठवण होत नाही. दुसऱ्या बाजूने ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६२ साली कामुक व अशुद्ध संगीत चर्चमधून हद्दपार करण्यास सांगितले. संत दहावे पायस ह्यांनी २२ नोव्हेंबर १९०३ च्या, म्हणजे सूझा कीर्तीच्या शिखरावर होता त्या काळच्या, आपल्या आदेशात चर्चमध्ये बँड वाजविण्यास सक्त मनाई केली; बाहेरच्या मिरवणुकीत परवानगीने वाजवावा, पण ऐहिक चाली नकोत, असे बजावले. ही दोन टोके परस्परविरोधी नाहीत. सुराला स्वतःची स्मृती नसते. स्मृती ऐकणाऱ्याला असते. जोवर ऐकणाऱ्याला जुने शब्द आठवतात तोवर जुना डाग ताजा आहे.

आणि काही डाग पिढ्यान्‌पिढ्या ताजे राहतात. मीचम ह्याच्या १८८५ च्या 'अमेरिकन पेट्रोल'मध्ये इतर देशभक्तिपर चालींबरोबर 'डिक्सी'ही आहे. हे गाणे १८५९ साली न्यूयॉर्कच्या रंगमंचावर आले, तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करणाऱ्या गोऱ्या नटांच्या खेळात. कर्ता म्हणून डॅनियल एमेट ह्याचे नाव लागले. यादवी युद्धात गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेने ते आपले रणगीत केले. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा पाडाव झाल्यावर लिंकनने जमलेल्या बँडला तेच वाजविण्यास सांगितले. आता ती आपली रीतसर जिंकलेली लूट आहे, असे तो गमतीने म्हणाला. लिंकनचे मन मोठे होते. पण ज्यांच्या पाठीवर त्या गाण्याच्या काळी कोरडे ओढले गेले, त्यांना कोणी विचारले नाही. आजही अनेक कृष्णवर्णीय अमेरिकनांना ती चाल सहन होत नाही. आणि ओहायो राज्यातील माउंट व्हर्नन येथे दोन कृष्णवर्णीय भावांच्या थडग्यावरील शिलेवर कोरले आहे की, एमेटला 'डिक्सी' त्यांनी शिकविले. इतिहासकारांत त्यावर मतभेद आहेत. आम्हांस मात्र ती शिला विसरता येत नाही. ज्याच्याकडून उसने घेतले तो दुबळा असला की त्याचा दावा कागदावर येत नाही, थडग्यावर येतो.

संत ऑगस्टीन ह्यांनी परकीयांच्या विद्येविषयी लिहिताना निर्गमातील प्रसंगाचा दाखला दिला आहे. इस्राएली लोक मिसर सोडताना शेजाऱ्यांकडून सोन्यारुप्याच्या वस्तू मागून घेतात. तसेच ख्रिस्ती माणसाने परकीयांतले सत्य व सौंदर्य घेऊन देवाच्या कामी लावावे, असे ते म्हणतात. आमच्या गायकवृंदांची बाजू मांडणारे हा दाखला नेहमी देतात, आणि तो योग्यच आहे. फक्त त्याच सोन्याचे पुढे काय झाले हे ते सांगत नाहीत. थोडे निवासमंडपाला लागले. त्याआधी थोड्याचे वासरू झाले. आणि त्याच ग्रंथाच्या २२व्या अध्यायात उसन्या जनावराचा एक नियम आहे, ज्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. शेजाऱ्याचे जनावर उसने आणले आणि धनी जवळ नसताना त्याला इजा झाली, तर भरपाई करावी. धनी जवळ असेल तर भरपाई नाही. चालीला हा नियम लावून पाहावा असे आम्हांस फार दिवस वाटत आहे. चालीबरोबर तिच्या धन्याचे नाव चालत असेल, तर वाजविणाऱ्याच्या हातून थोडे कमीअधिक झाले तरी ते मित्रांमधले आहे.

आमच्याकडे सणाच्या मिरवणुकीत बँड असतो, लग्नात असतो, आणि सिनेमाची चाल स्तोत्राला लावण्याचा मोह कोणत्या गायकवृंदाला झालेला नाही? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने धार्मिक विधींत वाजविलेल्या संगीताला सूट दिली आहे, आणि लग्नाची वरातही त्यात धरली आहे. ही सूट उदार आहे, ती राहावी. पण ती पैशाची सूट आहे. स्तोत्रांच्या वह्यांची पाने उलटून पाहा: शब्दांखाली क्वचित नाव, चालीखाली बहुधा काहीच नाही. कोण्या शिक्षकाने पेटीवर बसविलेली चाल वीस वर्षांत 'पारंपरिक' होऊन जाते, आणि तो शिक्षक तिसऱ्या बाकावर बसून ती ऐकत असतो.

सूझाच्या आधी अमेरिकेत बँडचा राजा होता तो पॅट्रिक गिल्मोर, आयर्लंडातून आलेला कॅथलिक. यादवी युद्धातले त्याचे सर्वांत गाजलेले गाणे, जॉनी घरी परतण्याचे, १८६३ साली लुई लँबर्ट ह्या टोपणनावाने छापले गेले. पुढे त्याने मोकळेपणाने सांगितले की, ती चाल त्याने कोणाला तरी गुणगुणताना ऐकली होती. रस्त्यावरचे अनाथ पोर उचलून त्याला कपडे चढवावेत व नाव द्यावे तसे त्याने केले. २४ सप्टेंबर १८९२ रोजी तो सेंट लुईसला वारला. दोनच दिवसांनी, २६ सप्टेंबरला, न्यू जर्सीतील प्लेनफील्ड गावी सूझाच्या नव्या बँडचा पहिला जलसा होता. तिकिटे सूझाच्या नावावर विकली गेली होती. तरी कार्यक्रमाचा आरंभ त्याने स्वतःच्या मार्चने केला नाही. निघून जाणाऱ्या आत्म्याविषयीची एक रचना आधी वाजविली गेली. रचनाकार होता पॅट्रिक गिल्मोर.